माहेरच्या नावाने

रॉकिंगहॅम, व्हरमाँट
सोमवार, १३ मे १८८९

प्रिय ऑर्विलदादा,

प्रभूच्या कृपेने तुम्ही सगळे सुखरूप असाल. धुणं वाळत घातलंय, तेवढ्यात लिहायला बसले. कागदाच्या दोन्ही बाजू भरणार आहे, वहिनी हसेल, हसू दे. यंदा मेपलचा पाक पातळच झाला. तांबडी व्याली, कालवड आहे. हे चर्चच्या छपराच्या कामात असतात.

आईच्या कबरीशेजारची जागा अजून मोकळी आहे ना? सहज विचारलं.

सहज नाही, दादा.

माझा ल्यूशियन कॉलेजच्या बेसबॉल संघात चेंडू टाकायचा. यांनी त्याला कॉलेजात घातलं ते पाद्री व्हायला, आणि चेंडूला हात लावलास तर या घरात पाऊल टाकू नकोस असं बजावून. सामन्यांचे निकाल पेपरात नावानिशी येतात. म्हणून त्याने संघात नाव दिलं ल्यूशियन हॅझेल्टन. आपलं नाव! मी दुकानातून जुने पेपर मागून आणायची आणि फडताळात बरण्यांखाली अंथरायची, खेळाची बाजू वर करून. 'हॅझेल्टनने अकरा जण बाद केले.' 'हॅझेल्टनपुढे कोणाची बॅट चालेना.' आपल्या बाबांचं नाव कधी असं छापून आलं होतं का रे?

नाताळात आला तेव्हा कानाशी लागून म्हणाला, "आई, तुझ्या माहेरचा चेंडू वळतो गं. बाबांच्या कॉल्बींचा आपला नाकासमोर!" मी पिठाच्या हातानेच चापट मारली.

एप्रिलअखेर परगावी सामना होता. गार पाऊस, वारा. ल्यूशियनच्या संघाचा कप्तान वेल्ड सांगत होता, "काकू, मी म्हटलं, आता दुसऱ्याला टाकू दे. तर म्हणे, 'हॅझेल्टन दमत नसतात.'" सामना जिंकले. तिथेच ताप भरला, छातीत उतरला. शुद्ध होती तोवर त्याने वेल्डला शपथ घातली, खरं नाव कुणाला सांगू नकोस, बाबा पेपरात वाचतील.

पोरांनी त्याला तिथेच पुरलं. लाकडी फळीवर लिहिलंय, एल. हॅझेल्टन.

वेल्ड हे सांगायला घरी आला, तर यांनी त्याला बस म्हटलं नाही. "हॅझेल्टन? त्या नावाचं माझ्या घरात कोणी नव्हतं," म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. घरच्या प्रार्थनेत मी त्याचं नाव घ्यायला लागले की मध्येच 'आमेन' म्हणतात. पण शनिवारी फडताळातल्या बरण्या सरकवलेल्या दिसल्या. एक पेपर नीट घडी घालून परत ठेवलेला. मी घडी घालत नाही, अंथरते. मी काही विचारलं नाही. विचारलं तर तेवढंही थांबेल.

हे त्याला आणायला जाणार नाहीत. आणि मी कॉल्बी. त्या फळीवर माझा हक्क कसा सांगू? तू हॅझेल्टन आहेस. तू गेलास तर कोणी काही विचारणार नाही. जागा कॉलेजातला वेल्ड दाखवील. माझ्या लेकराला परक्या मातीतून घेऊन ये, आईजवळ ठेव. दगड घडवशील तर नाव तेच राहू दे. मी लग्नात सोडून आले, ते त्याने उचललं होतं.

यांना सांगून लिहीत नाहीये. उत्तर लिहू नकोस. नुसता जा.

तुझी बहीण,
लव्हिना हॅझेल्टन