मी निघालो की घुरघुर बंद

सोमवार, ४ मार्च
नाही, मी दिवसभर टीव्ही बघत नाही. दुरुस्त करतो. गच्चीवरच्या अँटेनाचा बूस्टर मिळमिळीत होता. वरचा पत्र्याचा डबा काढून फेकला, आतला एक पार्ट बदलला. चित्र आता आरशासारखं. ही म्हणाली, आवाज कुठाय? आवाज उद्या.

गुरुवार, ७ मार्च
सून विमानतळावर टॉवरमध्ये असते. वैतागून आली. संकटातल्या वैमानिकांसाठी वेगळी फ्रिक्वेन्सी राखलेली असते म्हणे. तिच्यावर सोमवारपासून घुरघुर. कुणी मदत मागितली तर ऐकू कसं येणार, बाबा? म्हटलं, कुणीतरी अर्धवट माणूस यंत्राशी खेळतोय. धरून दोन लावा.
ठरलं. चोर मीच पकडणार.

शनिवार, ९ मार्च
घुरघुर कुठून येते ते हुडकणाऱ्या सरकारी शोधपथकाच्या गाडीत बसलो. पथकाचा साहेब नको नको म्हणत होता. निघताना बूस्टरची पिन काढली. नाहीतर ही माझ्यामागे बटणं पिळते. ही ओरडली, माझी मालिका! बघेल नंतर.
गावभर फिरलो. घुरघुर गायब. साहेब चक्रावला. मी नाही. मी निघालो हे चोराला कळलं असणार.

मंगळवार, १२ मार्च
पुन्हा गेलो, पुन्हा चिडीचूप. घरी येऊन पिन लावली, टीव्हीसमोर टेकतो तोच सुनेचा फोन. घुरघुर सुरू! दरारा म्हणतात तो हा. साहेबाला म्हटलं, मला रोज न्या. म्हणाला, काका, उद्या तुम्ही घरीच थांबा. जळतो मेला.

बुधवार, १३ मार्च
घरीच. मॅच बघितली.
संध्याकाळी सून आली ती थेट खुर्चीत बसली. फवारणीच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं. वैमानिक मदत मागत होता आणि सुनेला घुरघुरीत अर्धेच शब्द. कुठे उतरतोय तेच कळेना. शेवटी माळावर उतरला, वाचला. माझं डोकंच फिरलं. तो चोर एकदा हाती लागू दे.

गुरुवार, १४ मार्च
शोधपथकाची गाडी आमच्याच दारात. म्हटलं, आले शेवटी मला बोलवायला. गच्चीवरून सगळी घरं दिसतात, म्हणून जिना मीच दाखवला. बूस्टरजवळ जाताच साहेबाच्या हातातलं यंत्र किंचाळलं. सुनेने खाली जाऊन पिन उपटली. यंत्र गप्प.
ही म्हणाली, अहो, लावा की दोन.
सून एवढंच म्हणाली, बाबा, तो वैमानिक घरी पोचला म्हणून बरं. माझ्याकडे न बघता.
जिना कुणी दाखवला, हे कुणी विचारलं नाही. विचारूही नये. या विषयावर मी आता एक अक्षर लिहिणार नाही.