एकोणीस सेकंदांची थरथर

दादा,

बाबा गेल्यापासून आई त्यांचा आवाज ऐकायचा म्हणते. म्हणून त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचं शूटिंग, तू इथेच टाकून गेलेल्या कॅमेऱ्यातून, आज कॉम्प्युटरवर घेतलं. फाइली इतक्या जड, की दोनदा चहा झाला तरी काम निम्म्यावरच. शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, एका ठिकाणी चित्र हलतंय, थरथर काढू का?

ती जागा लावून पाहिली. बाबा कागदावरून वाचतायत, "पडत्या काळात मला माझ्या लेकीने आधार दिला." तिथून एकोणीस सेकंद चित्र थरथरतं. मग तू हात सावरलास आणि शेवटच्या टाळीपर्यंत शूटिंग केलंस.

समारंभानंतर घरी हे बघताना मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "याला साधा कॅमेरा धरता येत नाही." तू हसलास. नंतर मात्र या घरी पाहुण्यासारखा येऊ लागलास.

पडत्या काळात कॉलेज सोडून छापखान्यात कामाला उभा राहिलास तो तू. पण भाषण मी लिहून दिलं होतं, आणि त्या आठवड्यात आपलं बोलणं बंद होतं. बाबांनी विचारलंही, "यात थोरला कुठंय गं?" मी म्हटलं, "आहे, मागच्या बाजूला."

शूटिंगमध्ये दिसतं. वाचून झाल्यावर बाबा कागद उलटतात, आणि कोऱ्या बाजूकडे बघत राहतात.

थरथर मी काढली नाही.

तुझी,
हे पत्र तिसऱ्यांदा लिहून खणात ठेवणारी धाकटी