टेलिफोन संस्था नावाचं लोढणं

प्रिय अँटनदादा,

तुला आणि एल्नावहिनींना इंगवाल्डचा आदरपूर्वक नमस्कार. तुझ्या गुडघ्याला कॅलिफोर्नियाचं ऊन मानवलं असेलच. इथे नॉर्थ डकोटात माझी कंबर कामातून गेली आहे, आणि ती घालवली आपल्या सहकारी टेलिफोन संस्थेने.

तिला संस्था म्हणायचीही मला लाज वाटते. शहरातली कंपनी म्हणाली, चार शेतकऱ्यांसाठी एवढ्या आत तार ओढणं परवडत नाही. त्या रागात आपल्या बाबांनी आणि हाउगेनच्या म्हाताऱ्याने शेताच्या कुंपणाच्या तारेवरूनच टेलिफोन सुरू केला. (गाईने कुंपणाला अंग घासलं की बोलणं बंद!) पुढे खांब आले, अक्कल काही आली नाही. आता त्या म्हाताऱ्याचा ऑरिन अध्यक्ष आहे. तो खुर्चीत बसला की खुर्चीच जास्त हुशार दिसते. त्याला संस्था त्याच कंपनीला विकायची आहे. विकेना का! वर्गणी आपण द्यायची, खांब आपणच उभे करायचे, आणि वार्षिक सभेत मिळतं काय, तर हॅमचा चिवट तुकडा आणि पाणचट कॉफी.

तर मार्चमध्ये पाऊस पडता पडता गोठला. तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या आणि खांब धडाधड आडवे. ऑरिन शहरात जाऊन कंपनीपुढे हात जोडून आला. ते म्हणाले, आधी विक्रीच्या कागदावर सह्या, मग खांब. (हे त्याचे लाडके गिऱ्हाईक!) दुसऱ्या दिवशी टिल्ला मोएन माझ्या अंगणात हजर. संस्थेचा स्विचबोर्ड तिच्याच घरात, तीच फोन जोडून देते. म्हणाली, "ओढ्यापलीकडची मारितबाई रोज सकाळी मला फोन करते, जिवंत आहे एवढं सांगायला. तार तुटल्यापासून तिचा आवाज नाही. तू काय चहाच पीत बसणार आहेस?" ओढ्यातून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या, होडी घालायला कुणी धजेना. ओढ्यावरून पलीकडे गेलेली तार तेवढी शाबूत दिसत होती, म्हणून आम्ही सगळे काठापर्यंत खांब उभे करत निघालो.

शेवटच्या खांबावर चढायला अर्थातच मी. वर माझा पट्टाच अडकला.

"इंगवाल्ड, उतर की आता!" ऑरिन खालून ओरडला.

"पट्टा अडकलाय, गाढवा!"

"मग राहा वरच. एक खांब वाचेल आमचा."

सगळे हसले. मी दात खात तपासणीचा फोन तारेला जोडला आणि घंटी वाजवली. वाजवतच राहिलो. खाली हसणं थांबलं. मग पलीकडून मारितबाईचा आवाज आला, "कोण मेलंय एवढं?" कोळसा संपला होता आणि तिने खुर्च्या जाळल्या होत्या. "आज टेलिफोनची पेटी चुलीत घालणार होते," म्हणाली, "नाहीतरी मुकीच बसली होती."

दादा, वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. (वाऱ्यानेच.) ऑरिन कोळशाचं पोतं घेऊन होडीत बसला आणि तिला घेऊन परतला. होडी बुडाली नाही, यात त्याचं काही कर्तृत्व नाही.

असो. असली ही आपली संस्था. तू सुटलास.

तुझा धाकटा,
इंगवाल्ड

ता.क. : जूनमध्ये विक्रीवर मतदान आहे. ऑरिन अजून विकायचंच म्हणतो. तुझं सभासदत्व अजून चालू आहे, पण मत स्वतः येऊन द्यावं लागतं. ये. विक्रीला नाही म्हणायला ये. वरची खोली झाडून ठेवली आहे.

पुन्हा ता.क. : हे फोनवरच सांगितलं असतं, पण टिल्ला सगळं ऐकते. मी संस्थेच्या बाजूचा आहे हे गावभर झालं असतं.