लाल दोऱ्याचे वांगे

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
वार्षिक गच्चीबाग स्पर्धा,
हिरवी ओंजळ मंडळ,
बरकतपुरा, हैदराबाद.

अर्जदार: रामचंद्र विठ्ठलराव कंधारकर, वय ७१, निवृत्त पेशकार, राहणार बरकतपुरा.

विषय: शेजारील गच्चीवरील वांगी स्पर्धेतून वगळणेबाबत, तसेच एका काळ्या भुंग्याच्या श्रमांची नोंद अर्जदाराच्या नावे घेणेबाबत.

संदर्भ: १) स्पर्धेचा नियम क्र. ७ (बी व रोप स्पर्धकाच्या स्वतःच्या बागेतले असावे).
२) शेजारी कोथिंबीर फुलू देत असल्याबद्दल अर्जदाराने दि. ४ जानेवारी रोजी केलेला अर्ज. उत्तर अद्याप नाही.

महोदय,

१. अर्जदाराने सरकारी कचेरीत तेहतीस वर्षे पेशकारी केली. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून दिल्यामुळे स्वतःविषयी लिहितानाही हातून 'अर्जदार' असेच उतरते, त्याला आता इलाज नाही. एकदा लिहिलेला परिच्छेद खोडायचा नाही आणि कागद वाया घालवायचा नाही, ही त्याच कचेरीची शिस्त. म्हणून हा अर्ज तीन बैठकींत लिहिला गेला असला तरी (हे वाक्य मागाहून समासात घातले आहे) पहिल्या बैठकीतला राग जसाच्या तसा ठेवला आहे. तो वाचून आपण गैरसमज करून घेऊ नये.

२. अर्जदार सत्तावीस वर्षे आपल्या गच्चीवर भाजीपाला पिकवतो. बाजारचे खत नाही, फवारा नाही. घरातले भाज्यांचे देठ, चहाचा चोथा आणि चिक्कडपल्लीच्या रसवाल्याकडचा उसाचा चोथा एवढ्यावर बाग उभी आहे. पावसाचे पाणी पिंपात धरले जाते. अर्जदाराच्या वडिलांनी कंधारहून पानाच्या डबीत घालून आणलेले पांढऱ्या रेघांचे, पोपटी रंगाचे वांगे हे या बागेचे मुख्य पीक. त्याचे बी दरवर्षी राखेत घोळवून त्याच डबीत ठेवले जाते. मंडळाची स्पर्धा सुरू होऊन नऊ वर्षे झाली. त्यांपैकी सात वर्षे पहिला क्रमांक याच वांग्याने मिळवला आहे, हे दप्तरी असेलच.

३. तीन वर्षांपूर्वी कठड्यापलीकडच्या गच्चीवर पुण्याचे चि. सौरभ राहावयास आले. ते संगणकाच्या कामात आहेत व बहुतेक वेळ घरीच असतात. त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत, फुटक्या टपात आणि एका निकामी कुलरच्या तळात रोपे लावली. रोपांच्या पाट्या मराठीत आहेत, पण अक्षरे इंग्रजी आहेत. पहिली दोन वर्षे ते प्रत्येक गोष्ट "काका, हे असं का झालं?" म्हणून विचारत. अर्जदार सांगत असे. यंदा त्यांनी विचारणे बंद केले, आणि यंदाच त्यांच्या वांग्यांनी अर्जदाराच्या वांग्यांना मागे टाकले. ज्याला हाताला धरून चालायला शिकवले त्यानेच पुढे जाऊन दार लावून घ्यावे, असे अर्जदारास वाटले.

४. आता भुंग्याविषयी. वांग्याचे फूल वाऱ्याच्या झुळकीने सहसा फळत नाही. काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंगात गुणगुण करतो, तेव्हा कुठे पराग झडतात. असा एक भुंगा अर्जदाराच्या कपडे वाळत घालायच्या बांबूत भोक पाडून गेली दोन वर्षे राहतो. इंदुमती, म्हणजे अर्जदाराची पत्नी, बांबू बदला म्हणून मागे लागली होती. अर्जदाराने भुंग्यासाठी बांबू राखला आणि कपड्यांसाठी दोरी बांधली. एवढे उपकार असूनही या भुंग्याचे वर्तन खालीलप्रमाणे आहे:

दि. २ जानेवारी, सकाळी ७.४०. भुंगा बांबूतून बाहेर. अर्जदाराच्या वांग्यावरून गेला, बसला नाही. कठडा ओलांडून पलीकडे.

दि. ३ जानेवारी, सकाळी ७.३५. तसेच.

दि. ७ जानेवारी, सकाळी ७.५०. अर्जदाराच्या एका फुलावर क्षणभर बसला. नंतर पलीकडे, दोन तास.

दि. ९ जानेवारी. अर्जदाराने बांबूचे तोंड आपल्या वांग्यांकडे वळवून ठेवले. भुंगा बाहेर आला, वळसा घालून पलीकडे गेला.

सबब, राहायचे इकडे आणि राबायचे तिकडे असा हा प्रकार आहे. आपल्या फुलांना अर्जदार रोज सकाळी स्वतः टिचक्या मारतो. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने भुंग्याचे काम करावे, याला काय म्हणावे?

५. भुंगा तिकडे का जातो, याचा अर्जदाराने शोध घेतला. चि. सौरभ तुळशीच्या मंजिऱ्या खुडत नाहीत. कोथिंबीर वेळेवर काढत नाहीत, ती पांढऱ्या फुलांवर येते. मेथीही तशीच. मुळा उपटायचा विसरतात, मग त्यालाही फुले येतात. गच्ची म्हणजे माळरान झाले आहे. अर्जदाराच्या गच्चीवर पिवळे पान सापडणार नाही, मंजिरी दिसली की खुडली जाते, झाडलोट दोन वेळा. अर्जदार वरील प्रकाराला आळस म्हणतो. भुंगा काय म्हणतो ते दिसतेच आहे. आळसाचे आमिष दाखवून दुसऱ्याचा भुंगा फितवणे स्पर्धेच्या नियमांत बसते काय, याचा खुलासा व्हावा. बसत असल्यास तिकडच्या वांग्यांचे निम्मे गुण अर्जदाराकडे वर्ग करावेत.

६. येथवर पहिली बैठक. वाचून पाहता अर्जदाराच्या लक्षात आले की खरी तक्रार अजून लिहिलीच नाही. पोटदुखी एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी, असे झाले आहे.

खरी तक्रार दि. ११ जानेवारीची आहे. त्या दिवशी चि. सौरभ यांनी कठड्यावरून भरल्या वांग्यांची वाटी दिली. इंदुमतीने जेवताना एक वांगे घेतले, बोटाने फोडले, तोंडात घातले आणि डोळे मिटून "वा" म्हणाली. पुढे म्हणाली, "हौ, हे खरं वांगं. पुरं लोणी."

महोदय, अर्जदाराच्या संसाराला सेहेचाळीस वर्षे झाली. सत्तावीस वर्षे ती अर्जदाराच्या हातची वांगी खाते आहे. बघारे बैंगन, भरीत, काप, रस्सा, सगळे झाले. आजवरचा सर्वांत मोठा शेरा 'खपेल' हा आहे. 'वा' हा शब्द तिला येतो, हेच अर्जदारास ठाऊक नव्हते. पिकते तेथे विकत नाही असे म्हणतात, पण येथे पिकवणाऱ्याच्या ताटाशेजारी बसून दुसऱ्याचे विकले गेले. आपण स्पर्धेचे अधिकारी आहात, म्हणून स्पष्ट लिहितो: अर्जदारास मत्सर वाटला. पहिला क्रमांक गेला असता तर वाटला असता त्याहून पुष्कळ जास्त वाटला. त्या दिवसापासून अर्जदाराला तिकडची गच्ची बघवत नाही, आणि बघितल्यावाचून राहवतही नाही.

७. त्याच दिवशी वाटीतल्या वांग्याची साल अर्जदाराने नीट पाहिली. शिजून रंग गेला होता, पण पांढऱ्या रेघा होत्या. आजवर भुंग्याच्या नादात नीट न पाहिलेले झाड कठड्यावरून डोकावून पाहिले. पान तेच, देठाचा काटा तोच. हे कंधारचे वांगे होते. अर्जदाराने डबी उघडली तर आत नुसती राख. यंदाच्या पेरणीनंतर उरलेले सगळे बी गेले होते. नियम क्र. ७ चा भंग उघड झाला, म्हणून अर्जदाराने विषयात 'वगळणेबाबत' असे लिहिले, आणि चोर धरल्याचा आनंद दि. १९ पर्यंत भोगला. शेजारी बरा वाटणारा मनुष्य चोर निघावा, यात एक निराळाच गोडवा असतो.

८. दि. १९ जानेवारी रोजी अर्जदाराने ही गोष्ट इंदुमतीच्या कानावर घातली. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दिलं. पावसाळ्यातच, तुमची पेरणी झाल्यावर. डबीत पडून काय करणार होतं?"

अर्जदाराने विचारले, की बी तेच, वारे तेच, पाऊसही तोच, मग त्यांच्या वांग्याला चव आहे आणि आपल्या वांग्याला नाही, हे कसे? यावर इंदुमतीने जे सांगितले ते साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे शब्दशः देत आहे:

"तुमच्या वांग्याला चव नाही असं कोण म्हणालं? मी खाल्लंय कधी ते? पहिलं धरलेलं, सगळ्यात छान, त्याला तुम्ही लाल दोरा बांधता. ते बियांना. ते पिवळं होऊन कडू होतं. त्याच्या खालचं देखणं, ते आधी तुमच्या साहेबांना जायचं, आता स्पर्धेच्या टेबलावर जातं. दोन दिवस उन्हात बसून सुरकुतून येतं. माझ्याकडं काय येतं? अळीनं पोखरलेलं, वाकडं, जून झालेलं. वाया घालवायचं नाही म्हणता, बरोबर आहे. मी कापून, किडकं काढून करते. सौरभकडं बी-बी काही ठेवत नाहीत. पहिलं आलं की खातात. त्यातलंच वाटीत टाकून देतात. नवं काही नाही. तुमचंच वांगं आहे ते, पण मी पहिल्यांदा खाल्लं."

एवढे बोलून ती मटाराची टरफले खताच्या डब्यात टाकायला निघून गेली.

९. पेशकाराला जबानी पटली नाही तर तो दप्तर काढतो. अर्जदाराने आपल्या बागेच्या वह्या काढल्या. त्यांत फुलाची तारीख आहे, फळाची आहे, कोणता पक्षी कधी आला तेही आहे. शिंजीर पहिल्यांदा कधी दिसला हे सत्तावीस वर्षांचे सलग सापडते. वांग्यांच्या पानांवर दरवर्षी तीच ओळ: उत्तम फळ बियाण्यास, त्याखालचे साहेबांस, नऊ वर्षांपासून 'साहेबांस' ऐवजी 'स्पर्धेस'. आणि शेवटी, प्रत्येक वर्षी, अर्जदाराच्याच हस्ताक्षरात: 'उरलेले घरात.'

अर्जदार भुंग्याच्या मागे पंधरा-वीस दिवस घड्याळ लावून बसला. शेजारच्या गच्चीवर कोणते फूल कधी उमलले हे त्याला पाठ होते. आपल्याच ताटाशेजारी कोण काय खाते आहे, इकडे मात्र त्याने सत्तावीस वर्षे पाहिले नाही. याची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठीमागून पुन्हा मत्सरच आला. कारण जे अर्जदाराला सुचले नाही ते त्या पोराने कसलाही विचार न करता, नुसत्या भुकेपोटी केले.

१०. ही तिसरी बैठक. दि. २० जानेवारी, सकाळी. अर्जदाराने दोऱ्याचे वांगे तोडले. अजून कोवळे होते, पिवळे पडायला महिना होता. त्याच्या खालचे देखणेही तोडले, जे येत्या रविवारी आपल्या टेबलावर यायचे होते. दोन्ही इंदुमतीपुढे ठेवली. मग तिने दोरा सोडून बाजूला ठेवला आणि शेंगदाणे, तीळ भाजायला घेतले. दुपारी जेवायला बसलो. अर्जदार आपले ताट सोडून तिच्या ताटाकडे पाहत होता, तेव्हा तिने नजर समोर ठेवा म्हणून सुनावले. एक संपवले, दुसरे घेतले. भात पुन्हा मागून घेतला. अखेर म्हणाली,

"सौरभच्या इतकंच छान झालंय."

या निकालावर अपील नाही, हे अर्जदार जाणतो. 'वा' मिळाले नाही. 'इतकंच' मिळाले. रात्री झोपताना अर्जदाराने तो शब्द पुन्हा पुन्हा उलटून पाहिला, आणि तो 'खपेल'पेक्षा खूप वरचा आहे असे त्याचे मत झाले.

११. सबब विषयातील दोन्ही मागण्या अर्जदार मागे घेत आहे. नियम क्र. ७ ला बाधा येत नाही, कारण बी चोरीचे नसून घरच्या मालकिणीने दिलेले आहे, आणि दिलेले बी ज्याच्या बादलीत रुजते त्याच्याच बागेचे. भुंग्याबद्दलही तक्रार नाही. कालपासून अर्जदाराने तुळशीच्या मंजिऱ्या खुडणे थांबवले आहे, बघू या. अर्जदार यंदा स्पर्धेत नाही, कारण टेबलावर ठेवायला काही उरलेले नाही.

१२. परंतु एक नवी अडचण उभी राहिली आहे, आणि ती सोडवणे अर्जदाराच्या हातात नाही. डबीत बी नाही. दोऱ्याचे वांगे खाल्ले गेले. रोपांवर जी फळे उरली आहेत ती पोखरलेली आहेत, त्यांचे बी धरण्याजोगे नाही. वडिलांनी पानाच्या डबीत आणलेले वांगे आज सगळ्या हैदराबादेत चि. सौरभ यांच्या रंगाच्या बादलीतच जिवंत आहे, आणि ते तर एकेक करून सगळी खाऊन टाकतात.

त्यांच्याकडे स्वतः जाऊन मागावे, हे अर्जदारास सुचते. जिभेवर येते आणि परत जाते. कठड्याजवळ दोनदा जाऊन आलो, एकदा ते फोनवर होते, एकदा नव्हते. म्हणून आपणांस विनंती की रविवारी दि. २६ रोजी परीक्षणास त्यांच्या गच्चीवर जाल तेव्हा, अधिकारी या नात्याने, त्यांच्या झाडावरच्या एका वांग्याला सोबतचा दोरा बांधावा आणि ते पिवळे होईपर्यंत कोणी तोडू नये असे सांगावे. का, ते विचारतील. सगळे विचारतात. त्यांना सांगावे की काकांकडे या, काका सांगतील.

मात्र दोरा पहिल्या, सर्वांत चांगल्या वांग्याला बांधू नये. दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला बांधला तरी बी तेवढेच चांगले येते, असे आता अर्जदाराचे मत आहे. पहिले त्यांनी वाटीत घालून कठड्यावरून इकडे द्यावे. इंदुमती साडेबाराला जेवते.

आपला नम्र, आणि यंदा बियाण्यावाचून,

(सही)
रामचंद्र विठ्ठलराव कंधारकर
बरकतपुरा, दि. २१ जानेवारी २०२५

सोबत जोडलेले:
१. भुंग्याच्या हालचालींचा तक्ता, दोन पाने. (आता उपयोग नाही, पण मेहनत झाली आहे.)
२. वांगी, दोन. जोडता येत नाहीत.
३. लाल दोरा, एक वीत. वापरलेला, पण मजबूत.