न मारलेली हाक

प्रिय विश्राम,

दचकू नकोस, आईच लिहितेय. हे नाव लिहायला मला कधीच बंदी नव्हती. तुझ्या वह्यांवर, डब्यावर, शाळेच्या अर्जांवर मीच लिहायचे. बंदी होती ती बोलायची. सासऱ्यांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, हा तुझ्या आजीचा कायदा. आणि नातवाला आजोबांचंच नाव ठेवायचं, हाही तिचाच. दोन्ही एकदम पाळायचे तर सुनेनं पोराला हाक कशी मारायची, हे विचारायची माझी काय बिशाद! म्हणून तू बाळ्या झालास, आणि चाळिशीला टेकलास तरी बाळ्याच राहिलास.

परवा फोनवर म्हणालास की नाव बदलतोयस. नव्या ऑफिसात लोक हसतात, तू जांभई दिलीस तरी तुझ्या नावावर विनोद होतो, कुणाला ते म्हाताऱ्याचं वाटतं. सगळे कागद तयार आहेत, फक्त जन्माचा दाखला शोधून पाठव. आणि मग सहजच म्हणालास, की तू तर कधी मला या नावानं हाक मारली नाहीस, मग तुझं काय जातंय? मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी इस्त्रीखाली एका गिऱ्हाइकाचा शर्ट जळला आणि मी मुकाट्यानं त्याची बोलणी खाल्ली.

नाव म्हाताऱ्याचं आहे हे खरंच. तुझ्या आजोबांचे आजोबा हे आपल्या घरातले पहिले विश्राम. त्यांच्या आईचं ते नववं बाळंतपण. पोर हातात दिलं तेव्हा ती बाई म्हणाली म्हणे, आता पुरे, आता विश्राम. तेच नाव पडलं. तिला विश्राम काही मिळाला नाही, पुढे आणखी दोन झाली. पण त्या काळी हे नाव चालायचं, आजोबा सांगायचे की त्यांच्या वर्गात तीन विश्राम होते. तुझ्या अख्ख्या शाळेत तू एकटा. एकदा दवाखान्यात नर्सनं हे नाव पुकारलं तर आजोबांबरोबर आणखी एक म्हातारा उठला. दोघांना कोण आनंद! तिथेच बाकावर गप्पा ठोकत बसले आणि दोघांचाही नंबर गेला. मी आपली औषधाची पिशवी धरून ताटकळत उभी.

आपल्या दुकानावरही तेच नाव, विश्राम लॉन्ड्री. त्या पाटीखाली उभं राहून मी जन्मभर इस्त्री केली, आणि फोनवर कुणी दुकानाचं नाव विचारलं तर कोपऱ्यावरची लॉन्ड्री म्हणायचे. पाटी वाचून लोक खोली भाड्यानं मिळेल का विचारत यायचे. आजोबा त्यांना सांगायचे, इथे नुसती पाटी विश्राम घेते. खरंच होतं ते. आता माझेही पाय संध्याकाळपर्यंत सुजतात, आणि तुझे बाबा कपड्यांचा गठ्ठा उचलला की कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकतात. चालायचंच.

तुला आठवत नसेल, पाच वर्षांचा असताना तू स्टेशनवर हरवला होतास. गाडी लागलेली, ही गर्दी. मी बाळ्या, बाळ्या म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडत होते आणि चारी बाजूंनी दुसऱ्यांची पोरं वळून बघत होती. तुझं खरं नाव घेतलं असतं तर त्या स्टेशनात एकच पोर वळलं असतं. ते ओठावर आलं होतं रे. पण शेजारी तुझी आजी उभी होती, आणि तुझ्यासाठी जीव जात असतानाही माझी जीभ वळली नाही. शेवटी एका हमालानं तुला खांद्यावर बसवून आणलं. आजीनं त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. मी फक्त रडले, आणि कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही.

आजी गेल्यावर आजोबांनी मला समोर बसवून सांगितलं, की अगं, आता हाक मार त्याला, मी काही झिजून जात नाही. मी मान डोलावली. पण इतक्या वर्षांची सवय, जमेना. मग तू शिकायला गेलास, नोकरीला गेलास, आणि हाक मारायला घरात कुणी उरलंच नाही. गेल्या हिवाळ्यात आजोबाही गेले. त्यानंतर एकदा दुकानात एकटी असताना ते नाव मोठ्यानं म्हणून बघितलं. आवाज फुटेना, आणि माझी मलाच लाज वाटली. पण तुझा फोन आल्यापासून रोज म्हणतेय. आता बरं जमायला लागलंय.

तर दाखला सापडलाय, पण टपालानं पाठवत नाही. तू ये आणि घेऊन जा. नाव बदलू नको असं मी म्हणणार नाही. लोकांत वावरायचं तुला आहे, त्यांची थट्टा तू किती दिवस सोसणार. खुशाल बदल. पण माझं काहीच जात नाही असं नाही रे, बाळा. ते नाव तुझं आहे तोवर मला एकदा दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी तुला हाक मारायची आहे. तू नुसती ओ दे.

तुझीच,
आई