नाडीच्या बुटांचं गिऱ्हाईक

१३ जानेवारी ५७, नाचणगाव

पुलगावला स्टेशनमागच्या कंत्राटदाराकडे दिवस गेला. जुन्या बुटांच्या पाच गोण्या आल्यात, कुठून ते तो सांगत नाही. नियम तोच : हात घालून बघायचा, पाय घालायचा नाही. पाय घातला की म्हणतो, "घेतला समज." बारा जोड्या निवडल्या.

कापसाच्या जिनातलं काम सुटून वर्ष होईल. हा धंदा धरला तेव्हा वाटलं होतं, निवडायचं काय त्यात, चांगला दिसला तो घ्यावा. आता बूट हातात आला की आधी उलटा करतो. आज एक जोडी मिळाली, डाव्याचा चवडा पार घासलेला, उजवा कोरा. बराच वेळ घेऊन बसलो. मग समजलं : सायकलवाला, ब्रेक नसलेला. पाय घासून थांबणारा. पोस्टमन असेल. माणूस कधी पाहिला नाही, पण कसा थांबतो ते ठाऊक झालं. मजा वाटली.

उमाजीला दाखवली. उमाजी स्टेशनसमोर आरी-दोरा घेऊन बसतो, माझे फाटके तोच शिवतो. म्हणाला, "दशरथ, माहा धंदा तू घेतला. आता तुहा कोनता मी घेऊ?" मी म्हटलं, जिनात गठ्ठे उचलायला जा. हसला.

१७ जाने.

आंजीच्या बाजारात फजिती. निमुळत्या टोकाचे, चकचकीत, साहेबी, असे सहा जोड वर मांडले होते. माणसं यायची, हात फिरवायची, पाय घालायची, आणि पाय आत जायचाच नाही. जन्मभर अनवाणी चाललेले पाय, बोटं पंख्यासारखी पसरलेली. एक आजा तर माझ्यावरच डाफरला, "बायकाचे बूट आनले का बे?"

विकले गेले ते खालचे, बेढब, रुंद तोंडाचे. जे मी घेऊ की नको करत घेतले होते.

परत येताना रस्त्याच्या धुळीत उमटलेले पाय बघत आलो. बूट बघत बसलो वर्षभर, पाय बघितलेच नाहीत. गाढव मी.

२० जाने.

उमाजीची युक्ती : बुटात हरभरे भरायचे, पाणी ओतायचं, तोंड बांधायचं. फुगतात आणि चामडं ताणतं. घरातले होते नव्हते ते हरभरे घातले. चार जोड रुंद झाले. एकाची शिवण टर्रकन उसवली.

पारबता दोन दिवस नवऱ्याशी बोलत नाही. बोलली ती एवढंच : "हे चने आता कोन खाईन? तुमीच खाजा."

२७ जाने.

हिंगणघाटला गेलतो. गिरणीच्या माणसांनी नाडीचे बूट दुपारपर्यंत संपवले. पायात घट्ट बसतो म्हणतात. पंपशूला कुणी विचारेना.

आणि इथं आमच्या वस्तीत बरोबर उलट. पंपशू, चपला, उघड्या टाचेचं काहीही घेतात. नाडीचा एकही जोड आजवर खपला नाही. कमी दरात देतो म्हटलं तरी नाही. दोन गावांत एवढा फरक का असावा? पाय तेच, रस्ते तेच.

१ फेब्रु.

वस्तीत घरोघर विचारत फिरलो. लोकांना वाटलं माल खपवायला आलोय.

एक म्हणाला, नाडी तुटते. (नवी देतो म्हटलं. तरी नको.) एक म्हणाला, नाडीत कुसळं अडकतात. एकाला म्हणे बांधताच येत नाही, तो माणूस दिवसभर बैलांची दावणी बांधतो. एक म्हातारी म्हणाली, "आपल्या पायाले ते सोभत नाई, बाप्पा." प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि सांगताना प्रत्येकजण दुसरीकडे बघतो.

काहीतरी आहे. मला सांगत नाहीत. धंद्याचं राहू दे, ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझ्या स्वतःच्या पायातही पंपशूच. मला कारण विचारलं तर? सवय, दुसरं काय.

४ फेब्रु.

नव्या गोणीत एक जोड सापडला. तपकिरी, रुंद, तळ जाड, टाच सारखी झिजलेली. ज्याचा होता तो सरळ चालणारा, घाई नसलेला असणार. आत हात घातला आणि बाचा पाय आठवला. उजव्या करंगळीजवळ त्याचं हाड वर आलंय, तिथं याला आपोआप फुगवटा आहे. हरभऱ्यांची गरज नाही.

नाडीचा आहे.

संध्याकाळी बाच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या वहाणेला आता तळ असा उरलेलाच नाही. चामड्यावरून हात फिरवला, वास घेतला. मग बाजूला सरकवला.

"नाडीचे नको."

"काऊन?"

"वाकवत नाई."

सकाळपासून कापूस वेचून आला होता. दिवसभर वाकून.

७ फेब्रु.

आज कळलं. कसं लिहू ते कळत नाही.

बा पुलगावला निघाला होता, शेजारच्या एकाबरोबर. मीही तिकडेच, गोणी घेऊन शंभर पावलं मागे. बोलत चालले होते, बैलाच्या किमतीवरून. मालगुजाराच्या फाटकाच्या अलीकडे वळण आहे, तिथं लिंबाखाली दगड. वळण आलं, आणि दोघांनी चालता चालता, न थांबता, बोलणंही न तोडता, पायातलं काढलं आणि बगलेत धरलं. फाटकासमोरून अनवाणी गेले. पलीकडच्या विहिरीपाशी खाली टाकलं, पायात सरकवलं. बैलाचं बोलणं चालूच.

नाडी असती तर? दगडावर बसून सोडा, पलीकडे बसून बांधा.

म्हणजे वस्तीतली सगळी कारणं एकच होती. कुसळं, दावणी, म्हातारीचं सोभत नाई, सगळी.

मालगुजारी, गावची जमीनदारी, सरकारनं काढली. दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, बासुद्धा आला, एवढ्या लाखांत उभा राहून प्रतिज्ञा मोठ्यानं बोलला. घरी येऊन देव्हाऱ्यातले देव त्यानंच वर्धा नदीत सोडले. आणि तोच बा आज वळणावर.

वळणापाशी मी थांबलो. पाय आपोआप डावीकडे वळले, वावरातल्या पायवाटेकडे. कापसाच्या पऱ्हाटीतून, फाटकाला लांब टाकून. मी नेहमी तिकडूनच जातो. जवळ पडतं म्हणतो. जवळ पडत नाही, आज मोजलं असतं तर लांबच निघालं असतं. मी कधी पायातलं काढलं नाही हे खरं. कारण मी त्या फाटकावरून कधी गेलोच नाही.

८ फेब्रु.

बाला विचारलं. चिडला नाही.

"कोन म्हनते काढा म्हनून?"

"कोनी नाई म्हनत. धा-बारा वर्सं झाले, कोनी काई म्हनलं नाई."

"मंग?"

"तोंडानं बोललो नागपूरले. पायाले कोनी इचारलं?"



११ फेब्रु.

आंजीचा एक शेतकरी घरापर्यंत आला, तपकिरी जोड हवा म्हणून. मागितला नसता एवढा दाम देत होता. विकला नाही. पारबता म्हणाली, "बुढा घालत नाई, तुमी इकत नाई. मंग पूजा करता का त्याची?"

१५ फेब्रु.

बाच्या पायात बाभळीचा काटा घुसला, वहाणेच्या तळातून आरपार. पाय सुजलाय. काटा काढला, हळद भरली. पुलगावच्या दवाखान्यात पट्टी करायला रोज यायला सांगितलंय, पाय मातीत टेकवायचा नाही. बंद बूट घाला, म्हणाले डॉक्टर.

बा बराच वेळ तपकिरी जोडाकडे बघत होता. "पाय बरा होयेस्तोर," म्हणाला. नाडीला मात्र हात लावला नाही. "तूच बांधून देजो."

१८ फेब्रु.

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

तीन दिवस बैलगाडीतून नेलं. आज गाडी नव्हती, बा काठी घेऊन चालत निघाला. सकाळी बूट मी बांधले. पट्टी बांधलेल्या पायाला त्रास होणार नाही असे, पण वर गाठ मात्र उमाजीची मारली, मेण लावलेल्या नाडीची दुहेरी. ती आरीशिवाय सुटत नाही. उमाजीनंच शिकवलीय.

का केलं? बघायचं होतं, काय होतं ते. निव्वळ उत्सुकता म्हणावं तर खोटं होईल. मला हवं होतं की त्याला काढताच येऊ नयेत.

मागं मागं गेलो. वळण आलं, बा दगडावर बसला. काठी ठेवली. वाकून गाठीला हात घातला. सुटेना. नखानं, मग दातानं सोडवायला पाय वर ओढू लागला, सुजलेला पाय. मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात फाटकातून म्हातारा मालगुजार बाहेर आला, हातात लिंबाचं दातून. "काऊन रे किसन्या, काय झालं?"

बा हात जोडायला उठू लागला, उठवेना. पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "काई नाई मालक. खडा घुसला."

"मंग झटक न."

बा उभा राहिला. दुखरा पाय दोनदा जमिनीवर आपटला. मग काठी घेतली आणि चालू लागला, फाटकासमोरून, बुटांसकट. मालगुजार दातून तोंडात धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय होतं मला ओळखता आलं नाही, एवढी माणसं बुटांवरून ओळखतो मी.

पुलगावला उमाजीनं आरीनं गाठ सोडली, तेव्हा पट्टी झाली. रात्री बा जेवायला बसला. मग म्हणाला, "गाठ तूच मारली."

"हो."

"दातानं सोडवाले लावली बापाले."

मान वर करवेना. लाज वाटली, अजून वाटतेय. पोटच्या पोरानं बापाला दगडावर बसवलं आणि तमाशा बघितला.

मग त्यानंच विचारलं, "तू कुठून पाहून राह्यला होता?"

"पऱ्हाटीतून."

"हं," म्हणाला. आणि ताटातलं संपवलं.

१९ फेब्रु.

सकाळ. बा ओट्यावर बसलाय, पाय पुढे करून. मी खाली बसून बूट चढवले. नाडी हातात घेतली तर म्हणाला, "साधी गाठ. मले सोडता आली पाह्यजे."

सोडणार का, विचारायचं होतं. विचारलं नाही. साधी मारली. त्यानं एकदा सोडून पाहिली, सुटली. परत माझ्याकडे पाय केला, परत बांधली.

मग म्हणाला, "आज मागून नको येजो. संगं चाल. वावरातून नाई."

"चला," म्हटलं आणि पंपशूत पाय घातला. बानं पायाकडे बघितलं. आणि मी पाय बाहेर काढला.

आत येऊन गोणी पालथी केलीय. माझ्या मापाचे तीन जोड. दोन बिननाडीचे. एक नाडीचा, तोच पोस्टमनचा, डावा चवडा घासलेला. या दोन ओळी लिहायला बसलो, म्हणजे तेवढाच उशीर.

बा बाहेरून हाक मारतोय. काठी आपटतोय. डावा बूट हातात आहे, नाडी ओवलेली नाही अजून