गाळपेरची चूल

मी, वैजयंती महिपती नाईकनवरे, वय बावन्न, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. उद्या सकाळी डॉक्टर माझे हृदय उघडणार आहेत. पुन्हा मिटले नाही तर काय, याची व्यवस्था आज पूर्ण समजून, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. दडपण बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले आहे. त्याचे नाव युवराज, माझा सख्खा धाकटा भाऊ. हातात हॉटेल कंपनीचा खरेदीचा कागद. घडोघडी दार ढकलतो, "ताई, सही करून टाक की. मग निवांत आत जा."

१. उजनीच्या काठावरची माझ्या वाटणीची जमीन आणि तिच्यावरचे 'गाळपेर' (धरणाचे पाणी ओसरल्यावर गाळात करतात ती पेरणी, तिच्यावरून नाव) हे मुक्कामाचे घर व जेवणघर, नावासकट, तिथली मुख्य आचारी झीनत महबूब बागवान हिला मिळावे. कारण लिहिते, म्हणजे कोर्टात कोणाला तर्क लढवावे लागणार नाहीत.

जेवणघराची जागा युवराजने आखली. दुष्काळी वर्षी, ऐन मे महिन्यात. "हितवर पाणी येत न्हाय," काठावरच जन्मलेला हा माणूस म्हणाला. धरण भरले आणि पहिलेच पाहुणे पानावर बसले असताना पाणी टेबलांखाली आले. युवराज म्हणाला, "पैसे परत करा, गाड्या वळवा." झीनत म्हणाली, "पानी आलं तर येऊ द्या की. पाव्हण्यांना चपला काढायला सांगा." पुण्याच्या मंडळींनी घोटाभर पाण्यात पाय सोडून धरणातली चिलापी मासळी खाल्ली, केळफुलाचे वडे खाल्ले, कडक भाकरी आमटीत चुरली. त्यातल्या एका बाईने त्यावर लेख लिहिला. आता लोक पाणी कधी चढते ते विचारून खोल्या राखतात. आणि ती कल्पना युवराजची होती, असे युवराज सांगतो.

कंपनीला ही जागा विकत घेऊन तिथे पाणी अडवायला भिंत घालायची आहे. शिवाय छापील मेनू. आमच्याकडे मेनू नाही, होडीतून काय उतरते ते पाहून झीनत स्वयंपाक ठरवते. कंपनीचे साहेब म्हणाले, "बाईंना ठेवू, पण पनीर हवंच." झीनत म्हणाली, "मग पनीरच ठेवा."

२. शुक्रवार पेठेतले घर युवराजला. नळ गळतो. तो त्यानेच बसवला आहे.

३. बँकेतली ठेव युवराजची मुलगी, माझी भाची संस्कृती हिच्या शिक्षणाला. तिच्या बापाच्या हाती देऊ नये.

४. पितळी पातेली आणि पाटा-वरवंटा चुलीपाशीच राहावेत. विकायला काढेल त्याला माझा शाप. त्याला नोंदणी लागत नाही.

५. चुलतभाऊ अमृत गावभर सांगत फिरला, "त्या झीनतच्या हातचं कोण खाणार?" पुढे व्याह्यांना घेऊन आला आणि सवलत मागितली. त्याला एक जेवण फुकट. झीनतने वाढावे, गावादेखत.

६. युवराज म्हणतो, औषधांनी माझे डोके फिरले आहे. हा कागद तो कोर्टात टिकू देणार नाही. म्हणून त्यालाच आत बोलावून सगळे मोठ्याने वाचून दाखवले.

"ताई, मी सख्खा हाय. ती कोण लागती तुझी?"

"गाड्या वळवायला निघाला होतास, तेव्हा ती वाढत होती."

तो खुर्चीत बसला आहे. साक्षीदार म्हणून सही करायला पेन त्याच्या हातात दिले आहे. नाही म्हणाला, तर नर्सबाईंना बोलवीन.

स्थळ : सोलापूर
दिनांक : १८ सप्टेंबर २०२५
सही : वैजयंती महिपती नाईकनवरे

साक्षीदार १ : धुळाप्पा गुरप्पा बिराजदार, शेजारी (सही)

साक्षीदार २ : मजकूर ऐकला. मला मान्य नाही. ताई पूर्ण शुद्धीत आहे.
युवराज महिपती नाईकनवरे (सही)